सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुतण्यासाठी भाऊ-वहिनींना गावाहून पुण्याला आणावं का? गावी राहून सोयी कशा मिळतील?

पुतण्या चार वर्षांचा, भाऊ-वहिनी तालुक्यापासून आत खेड्यात, आणि ‘तिथे कसलीच सोय नाही’ म्हणून तुम्ही त्यांचं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं म्हणताय. मी तुमच्या वहिनींच्या जागी होते, म्हणून लिहायला बसले. आणू नका. वहिनींना विचारल्याशिवाय तर मुळीच आणू नका.

माझी लेक आता आठवीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जातं, हे कळलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. आम्ही मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतो, एकत्र कुटुंब, कोरडवाहू शेती. त्या दिवाळीला दीर पुण्याहून आले आणि फराळ आटोपल्यावर सासऱ्यांसमोर म्हणाले, “गावात ठेवून पोरीचं वाटोळं कराल.” मी म्हटलं, “भावजी, तिथे दिवसभर माझ्या जोडीला तिला धरायला कोण आहे? इथे सासूबाई आहेत, आत्या आहेत, गल्लीतली पोरं आहेत.” त्यावर उत्तर मिळालं, “तिथे थेरपी सेंटर आहे.” बैठक संपली. हे शेतीमुळे मागे राहिले आणि मी लेकीला घेऊन दिरांच्या फ्लॅटवर गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

सेंटर चांगलं होतं, तिथल्या थेरपिस्ट बाई तर फारच चांगल्या. पण आठवड्यातून दोनदा पाऊण तास. उरलेला आठवडा मी आणि लेक एका खोलीत. दीर कामावर, जाऊबाईंची नोकरी, त्यांचा काही दोष नाही. बाईंनीच एक दिवस मला समोर बसवून सांगितलं, “या पाऊण तासात मी तुम्हाला शिकवते. हिची थेरपी घरी होते. बसवणं, भरवणं, उचलणं, कपडे घालणं, हीच थेरपी. ते रोज करायला जिथे जास्त हात आहेत तिथे हिला ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी मला दाखवायला आणा.”

गुढीपाडव्याआधी मी गावी परत आले. “शिकलेली असून अडाण्यासारखी वागली” हे तेव्हा ऐकावं लागलं. मी आजही म्हणते, परत आले तेच बरोबर होतं.

गावी आल्यावर सगळ्यात आधी खुर्ची करून घेतली. बाईंनी कागदावर आकृती काढून दिली होती. पाठ सरळ, दोन्ही खांद्यांना आधार, गुडघे काटकोनात, तळवे पाटावर पूर्ण टेकलेले, आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढू नयेत म्हणून मांड्यांच्या मध्ये ठोकळा. गावच्या सुतारांनी लेकीला मांडीवर घेऊन टेपने मापं घेतली, कमरेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, लवणीपासून टाचेपर्यंत. पायाखालचा पाट खालीवर सरकवता येईल असा केला, पोर वाढणार म्हणून. ही त्यांची स्वतःची अक्कल, आकृतीत ते नव्हतं. पट्टा जुन्या दप्तराचा. त्या खुर्चीत बसून तिने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केळं खाल्लं. बाजारातली तशी खुर्ची महाग असते आणि बघता बघता लहान होते.

तुमचं ‘कसलीच सोय नाही’ मला खटकलं. सोयी आहेत, पण विखुरलेल्या आहेत आणि एकाला दुसऱ्याची खबर नसते. तपासणी सिव्हिलला, निराधारचा पगार तहसीलला, विशेष शिक्षक पंचायत समितीत, निधी ग्रामपंचायतीत. पुण्याच्या बाईंनी सांगितलं होतं की पाय दोन्ही बाजूंनी मागे टाकून, इंग्रजी डब्ल्यूसारखं, तिला बसू द्यायचं नाही. अंगणवाडीत ताई तिला नेमकं तसंच बसवत होत्या, कारण तशी ती कलंडत नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी एका पानावर लिहून काढलं: कसं बसवायचं, कसं उचलायचं, पाणी पाजताना मान मागे टाकायची नाही, स्प्लिंट (हातपाय सरळ ठेवणारे आधार) किती वेळ घालायचे, काही झालं तर फोन कुणाला. त्याच्या झेरॉक्स अंगणवाडीत, आशाताईंकडे, फिजिओकडे, नणंदेकडे दिल्या. बाईंनी काही बदल सांगितला की पान नवीन. तालुक्याचा फिजिओ कंबरदुखीवाल्यांचा, लहान मूल त्याने कधी हाताळलं नव्हतं. त्याचं आणि पुण्याच्या बाईंचं फोनवर बोलणं करून दिलं, तो शिकला. आता आसपासच्या गावांतली अशी मुलं त्याच्याकडे येतात.

आता कागदपत्रांचं. आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ते नसेल तर पुढचं बहुतेक अडतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सिव्हिलला. हाडांचे डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ असे वेगवेगळे जण लागू शकतात, ते एकाच दिवशी भेटतील का हे आधी फोन करून विचारा. आम्ही पहाटेच्या एसटीने पोरीला काखेत घेऊन गेलो आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ ऐकून परत आलो, ते तुमच्या वहिनींच्या वाट्याला नको. 40 टक्के अपंगत्व ही रेषा आहे, तिच्या खाली बहुतेक योजना बंद. लहान मुलाचं सर्टिफिकेट तात्पुरतं मिळू शकतं, त्यावरची मुदत बघून ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रही असतं, डीईआयसी म्हणतात त्याला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येणारं पथक याच केंद्राशी जोडलेलं, केंद्रासाठीची चिठ्ठी त्यांच्याकडून घ्या.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय विमा योजना लोक सोडून देतात, ते चुकीचं आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ती आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत कवच, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात बसतो. बिलं मात्र जपावी लागतात. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना महिन्याला 1500 रुपये होते, ते ऑक्टोबर 2025 पासून 2500 केले. एसटीत तिकिटाला 75 टक्के सवलत, अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. हे भावाने ग्रामसभेत उठून विचारायचं, वहिनींना पुढे करायचं नाही.

शाळेचं सहाव्या वर्षी बघाल, पण पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आत्ताच भेटून ठेवा. मुख्याध्यापक ‘आमच्याकडे असं मूल घेत नाही’ म्हणाले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 पुढे ठेवा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण, आणि निवड आपली.

आणि चांगलं काम फक्त पुण्या-मुंबईत होतं हेही डोक्यातून काढा. लातूरजवळ हरंगुळला संवेदना हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं केंद्र आहे. आपल्या भागात काय आहे ते आधी शोधा.

मी पुण्याच्या विरोधात आहे असं नाही. पोराला आकडी येत असेल आणि औषधाने आटोक्यात नसेल, गिळताना सारखा ठसका लागून छाती भरत असेल, ऑपरेशन सांगितलं असेल, तर वेळ घालवू नका, मोठ्या ठिकाणी न्या. या मुलांचा खुबा हळूहळू सरकू शकतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे लागतो, तो चुकवू नका. आणि तुमच्या वहिनी घरात एकट्याच असतील, मदतीला कुणी नसेल, तर त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो. तो त्यांचा त्यांना घेऊ द्या.

काका म्हणून तुम्हाला करायला भरपूर आहे. माझ्या दिरांनी हे केलं असतं तर माझी निम्मी कामं हलकी झाली असती. पोर्टलवरचा अर्ज पुण्यात बसून भरता येतो, निरामयचं दर वर्षीचं नूतनीकरण करता येतं, सर्टिफिकेटची मुदत स्वतःच्या फोनमध्ये लावून ठेवता येते. तीन-चार महिन्यांनी दाखवायला येतील तेव्हा अपॉइंटमेंट, गाडी आणि दोन रात्रींची सोय तुमच्याकडे. आज संध्याकाळी वहिनींना फोन करा, भावाला नाही, आणि कुठला कागद अडलाय ते विचारा.