मूर्ती आतून पाहावी

वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लाकूड, दगड, माती, धातू या साऱ्यांत काम करणारा शिल्पकार व्हायचे आहे, पण आरंभ कशापासून करावा, असे तू विचारले आहेस. माझे मत असे, की पहिली दोन-तीन वर्षे केवळ लाकूड कोरावे. शाडू चुकलेला अंगठा पोटात घालतो. लाकडाची उडालेली ढलपी मात्र परत बसत नाही, त्यामुळे हाताला शिस्त लवकर लागते.

माझे पहिले मोठे काम, तीन फुटी विठ्ठल, मी अर्धवट वाळलेल्या सागाच्या अख्ख्या ओंडक्यात, खोडाचा मध्य आत ठेवूनच कोरले. इथल्या वैशाखात एका दुपारी कपाळापासून हनुवटीपर्यंत, थेट नाकावरून, तडा गेला आणि मूर्ती परत आली. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने अधिक आकसते, मध्याकडे कमी. या ओढाताणीला वाट ठेवली नाही तर ते फाटून वाट काढते. तेव्हापासून मी मूर्तीची पाठ गोल पटाशीने आतून पोखरून ठेवतो.

पुढे मातीकामाला हात घातला तेव्हा ही खोड कामी आली. भट्टीत भाजायची मूर्तीही पोकळच करावी लागते, कारण जाड थरात ओल राहिली की तिची वाफ कोंडून मूर्ती फुटते. ब्राँझची मूर्तीही सहसा सारख्या जाडीची आणि पोकळ ओततात. जाड भाग उशिरा थिजला की तिथे खळगा पडतो. बहुमाध्यमी कारागिरी म्हणून लोक जिचे कौतुक करतात, ती मला तरी अशी आतून पाहण्याची सवयच वाटते.

लक्ष्मी विलास राजवाड्यात फेलिची या इटालियन शिल्पकाराची ब्राँझ, संगमरवर आणि भाजलेल्या मातीतली कामे आहेत. तिथे चेहऱ्यांवर रेंगाळू नकोस. हात अंगापासून कुठे सुटा आहे आणि कुठे आधाराला टेकला आहे, ते पाहा. 1950 मध्ये सुरू झालेल्या इथल्या ललित कला विद्याशाखेत शिल्पकला शिकवणाऱ्या शंखो चौधुरी यांनीही लाकूड, दगड आणि धातूचा पत्रा हाताळला. त्यांची कामे मिळतील तिथे अवश्य पाहावीस.

पोटापाण्याविषयी थोडेच लिहितो. देव्हारे, दारांच्या चौकटी, जुन्या वाड्यांची दुरुस्ती ही कामे हलकी मानू नकोस. माझे घर बरीच वर्षे त्यांवरच चालले. पुतळ्याचे काम आल्यास मातीच्या नमुन्यावर लेखी मान्यता आणि दुसरा हप्ता हाती आल्याखेरीज साचा काढू नये. साचा निघाल्यावर ‘मिशा जरा जाड हव्या होत्या’ असे म्हणणारे मी दोनदा भोगले आहेत.

येत्या रविवारी रावपुऱ्यात ये. तांबेकर वाड्याचे लाकूडकाम आपण मिळून पाहू. तुझी पटाशीही सोबत आण. तिची धार मला एकदा पाहायची आहे.

तुझा,
काका