दिवाळीत मालवण-देवबाग: स्कूबा आधी, घाट दुसऱ्या दिवशी

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय की भाऊबीज झाल्यावर मालवणला जायचंय, सोबत नवरा, १४ ची मुलगी, ९ चा मुलगा आणि सासूबाई, तर स्कूबा (म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली बुडी), सिंधुदुर्ग किल्ला, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन हे सगळं एका दिवसात बघून रात्री बेळगावला परत येता येईल काय.

ताई, येता येतं, आपल्याकडच्या कितीतरी गाड्या असंच करतात, पहाटे निघायचं, जेटीवर जो पहिला माणूस भेटेल त्याच्याकडनं कॉम्बो पॅकेज घ्यायचं आणि रात्री आंबोली घाट चढून घरी. पण मी वीसेक वर्षं तिकडं जातोय आणि मी तुम्हाला दोन रात्री काढाच म्हणून सांगेन. एक तर समुद्र पॅकेजच्या वेळेनं चालत नाही, आणि दुसरं म्हणजे स्कूबा करून लगेच घाट चढू नये. हे दुसरं आपल्या घाटावरच्या लोकांना कुणी सांगतच नाही, म्हणून तेच आधी.

पाण्याखाली १० मीटर गेलं की दाब दुप्पट होतो. त्या दाबात टाकीतली हवा घेतली की हवेतला नायट्रोजन अंगात जास्त मुरतो आणि वर आल्यावर तो श्वासावाटे सावकाश निघून जातो. तो जायच्या आत आपण उंचावर गेलो म्हणजे बाहेरचा दाब कमी झाला, मग गोळी सोडा फोडल्यावर कसे बुडबुडे येतात तसे रक्तात व्हायचा धोका असतो. म्हणून एका डाइव्हनंतर (बुडीनंतर) विमानात बसायला निदान १२ तास थांबा, जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास, असं डायव्हिंगवाले सांगतात आणि साधारण ६०० मीटरच्या वर गाडीनं चढायचं असलं तरी तेच धरतात. आता आंबोली जवळजवळ ७०० मीटर आणि आपलं बेळगाव साडेसातशे, बघा हिशोब. टुरिस्टना नेतात ती खोली कमी असते, वेळही थोडा, त्यामुळे धोका फार नाही, तुम्हाला भीती घालायची नाही मला, पण दुपारी तीनला पाण्यातनं बाहेर आणि सहाला आंबोलीत, हे कशाला करायचं? मधल्या दिवशी सकाळी स्कूबा, रात्र खालीच, दुसऱ्या दिवशी घाट.

स्कूबाला पोहता यायला लागत नाही, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो. मुलगी करू शकेल, मुलगा ९ चा आहे, त्याला नको, वयाची अट साधारण १० वर्षं असते, आणि कुणी चालतंय म्हणालं तरी आपण नाही म्हणायचं. त्याला लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंग करू दे, तोंड पाण्यात घातलं की मासे दिसतातच. दमा असेल, हार्टचं काही असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आणि सर्दी असली तर अजिबात उतरू नका. माझ्या थोरल्यानं सर्दीतच हट्ट केला होता, दोन-अडीच मीटरवरच कान एवढा ठणकायला लागला की वर आणावं लागलं आणि पुढं आठ दिवस औषध. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळा होतो, हे किनाऱ्यावरच नीट शिकून घ्या आणि कान दुखला की खूण करायची, सहन करत खाली जायचं नाही. पोवळ्यांना हात लावू नका, फोटोवाला हातात काही धरायला देत असला तरी नको म्हणा. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तुटलेलं पोवळं परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. परतीचा पाऊस लांबला असेल तर दिवाळीत पाणी गढूळ मिळू शकतं, स्वच्छ पाण्यासाठी डिसेंबर-जानेवारी चांगले, पण तुमच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत म्हटल्यावर जायच्या आदल्या दिवशी फोन करून पाणी कसं आहे ते विचारा.

आता भरती-ओहोटीचं. कोकणात जुनी रीत आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, भरतीची अंदाजे वेळ येते, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी. भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी साडेसातला. षष्ठी धरली तर भरती साडेचार, ओहोटी साडेदहाच्या आसपास. त्सुनामी आयलंड म्हणजे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा, भरतीत तो पाण्याखाली जातो, ओहोटीला पाण्यातनं चालता येतं, मुलं खूश होतात. दुपारी भरतीत नेऊन "हेच ते" म्हणून दाखवलं तर काय बघणार? म्हणजे तुम्ही पंचमीला निघालात तर षष्ठीला सकाळी सातला स्कूबा आणि दहाला आयलंड, अगदी बरोबर बसतंय. बाकी बोटवाल्याला विचारून वेळ पक्की करा, त्याला मिनिटात माहीत असतं. आणि संगमावर पोहायला उतरू नका, ओहोटीला नदीचं पाणी आणि समुद्राची ओढ दोन्ही बाहेर खेचतात, चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड तिथंच जवळ असतं, मुलांना हवं असेल तर करू दे, पट्टे स्वतः तपासा.

मॅपवर नुसतं देवबाग लिहू नका हं, कारवारला काळी नदीच्या मुखाशी पण देवबाग आहे. मालवण लिहा. रस्ता आपला नेहमीचा वेंगुर्ला रोड, हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, कानूर, आंबोली, सावंतवाडी.

पहिल्या दिवशी दुपारी ऊन उतरल्यावर सिंधुदुर्ग किल्ला. जेटीवरनं होडी जाते, किल्ल्यावर तासाभरात परत या म्हणतात, तो वेळ कमी पडतो, सासूबाई आहेत तेव्हा बसायच्या आधीच जास्त वेळाचं बोलून घ्या. जायच्या आधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा नक्की बघा, गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी तिथं पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. बहुतेक लोक तिथनंच पुढं जातात आणि बघत नाहीत, मला फार वाईट वाटतं. किल्ल्याच्या आत शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचंच मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूला खारं पाणी आणि मधे गोड. मुलांना ते पाणी दाखवा, चाखवा, मग तटावर चढा, तट सगळा फिरायचा तर तीनेक किलोमीटर होतो, सासूबाईंना मंदिराजवळ सावलीत बसवा.

मधल्या दिवशी दुपारी झोपा काढा, संध्याकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर चाला. पहाटे जाग आली तर रापण ओढतात का बघा, किनाऱ्यावरनं दोन्हीकडनं दोर धरून जाळं ओढतात, विचारून हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही. माझ्या मुलांना स्कूबापेक्षा तेच जास्त लक्षात आहे.

डॉल्फिन तिसऱ्या दिवशी, सातच्या आत बोटीत बसायचं, कारण अकरानंतर समुद्राकडनं वारं सुटतं, लाटा वाढतात आणि उलट्या सुरू. दिसतीलच असं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि बोटवाल्याला त्यांच्या अंगावर बोट नेऊ देऊ नका, लांब इंजिन बंद करून थांबलं की तेच जवळ येतात कधीकधी.

परत येताना कुडाळकडं जाताना धामापूरला थांबा, १५३० सालचा तलाव आहे, विजयनगरच्या मांडलिकानं बांधलेला, काठाला भगवतीचं देऊळ, सासूबाईंना आवडेल. तिथनं जेवून निघालात की उजेडातच घाट चढून होतो, आंबोलीत संध्याकाळी धुकं उतरतं. आणि जिथं राहाल त्यांच्यासाठी पाव किलो कुंदा घेऊन जा, बेळगावचा म्हटलं की घरच्यासारखं वाढतात. तारीख ठरली की तिथी कळवा, ओहोटीचा हिशोब मी करून देतो.