वडिलांनी जमवलेली हजारो गाणी कॉम्प्युटरवर नीट कशी लावायची आणि ऐकायची?

तुम्ही निपाणीचे, मी बेळगावची, शहापुरातली. प्रश्न वाचताना आमच्याच घरातलं कपाट डोळ्यांसमोर आलं. तुमच्याकडे वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन हार्ड डिस्क, पिशवीभर पेन ड्राइव्ह, शंभरेक कॅसेटी. त्यात मराठी, कन्नड, हिंदी, शास्त्रीय, भजनं सगळं एकत्र, आणि फोल्डरांची नावं 'न्यू फोल्डर 3', 'गाणी नवीन', 'गाणी नवीन फायनल'. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, फोल्डर कसे करावेत, आणि घरी, फोनवर, गाडीत हे वाजवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या बाबांचा साठाही असाच होता. तो लावायला मला तीन वर्षं लागली, त्यातलं पहिलं जवळजवळ वाया गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

ते वर्ष गेलं फोल्डरांपायी. मी आधी भाषेप्रमाणे फोल्डर केले. मग भीमसेन जोशी आले. संतवाणीतले अभंग मराठी, दासवाणीतली पदं कन्नड, ख्यालाच्या बंदिशी तिसऱ्याच बोलीतल्या. एका गायकाचे तीन तुकडे तीन ठिकाणी पडले. सगळं मोडून गायकाप्रमाणे लावलं, तर एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "वचनं लाव, कुणाचीही चालतील." वचनं म्हणजे बसवण्णांसारख्या शरणांची कन्नड पदं. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं त्यांच्या जयपूर घराण्याच्या रागांमध्ये कुठेतरी गाडली गेली होती, बाकीच्यांची आणखी कुठे. आपल्या भागातल्या घरांमधली गाणी अशीच असतात. ती एका कप्प्यात बसत नाहीत, आणि फाईल मात्र एकाच फोल्डरात राहते.

म्हणून फोल्डर अगदी साधे ठेवा. गायकाचं नाव, त्याच्या आत अल्बम, बस. बाकी जे काही तुम्हाला त्या गाण्याबद्दल माहीत आहे ते फाईलच्या आत, टॅगमध्ये लिहा. टॅग म्हणजे गाण्याच्या फाईलला आतून चिकटवलेली चिठ्ठीच. शीर्षक, गायक, अल्बम, संगीतकार, साल, प्रकार असे तिचे रकाने असतात, आणि हवे ते नवे रकानेही जोडता येतात. फाईल कुठेही हलवली तरी चिठ्ठी बरोबर जाते. विंडोजवर यासाठी एमपी3टॅग हा फुकट प्रोग्रॅम उत्तम आहे, लिनक्सवर किड3. शंभर फाईली एकदम निवडून एकाच वेळी गायकाचं नाव बदलता येतं.

मी 'राग', 'वेळ' आणि 'कवी' हे तीन रकाने जादा केले. 'कवी'ची गरज बेंद्र्यांमुळे लक्षात आली. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घर मराठी आणि कविता कन्नड, 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आमच्याकडे त्यांची भावगीतं काही फाईलींवर 'बेंद्रे' आणि काहींवर 'अंबिकातनयदत्त' अशी होती, कारण ते याच टोपणनावाने लिहीत. कॉम्प्युटरला ही दोन माणसं वाटतात. कुमार गंधर्वांचंही तसंच. ते आपल्या सुळेभावीचे, जन्म 8 एप्रिल 1924, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, आणि एका जुन्या फाईलवर कुणीतरी अभिमानाने पूर्ण मूळ नावच टाकलेलं. गंगूबाई हंगल मूळच्या गांधारी. स्पेलिंगचा घोळ याहून मोठा. मन्सूर, मनसूर, रोमन लिपीत आणखी दोन तऱ्हा, आणि कन्नड लिपीतलं नाव वेगळंच. यावर एकच उपाय सापडला. साधी दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक कलाकाराचं तुम्ही ठरवलेलं एकच रूप तीत लिहा आणि नंतर त्यात बदल करू नका. गायकाच्या रकान्यात 'पं.', 'विदुषी', 'उस्ताद' लिहू नका. आदर मनात असू द्या, नाहीतर अर्धी यादी 'प'खाली जमा होते.

आणखी एक रकाना लोक रिकामा सोडतात, तो म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट'. चार गायकांची नाट्यपदं एकाच सीडीत असली की प्लेअर त्या सीडीचे चार अल्बम करून ठेवतो. त्या सगळ्या फाईलींच्या 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये 'विविध कलाकार' लिहा, अल्बम पुन्हा एक होतो. घरगुती बैठकीच्या रेकॉर्डिंगला अल्बम नसतोच. तिथे मी साल, महिना आणि गाव घालते, जसं '1994-11 खानापूर बैठक'. साल आधी लिहिलं की क्रम आपोआप लागतो.

लिपीचंही सांगते, कारण यात मी फसले होते. जुन्या एमपी3 फाईलींमध्ये टॅगची पहिली आवृत्ती असते. तिच्यात एका रकान्यात फक्त 30 अक्षरं मावतात आणि देवनागरी टिकत नाही, प्रश्नचिन्हं उमटतात. एमपी3टॅगच्या सेटिंगमध्ये आयडी3 2.3 (टॅगची नवी आवृत्ती) आणि यूटीएफ-16 (देवनागरीही मावेल अशी लिहिण्याची पद्धत) निवडा, जुनी आवृत्ती काढून टाका. मग मराठी टॅग नीट दिसतात. फाईलचं नाव मात्र मी रोमन अक्षरांतच ठेवते, म्हणजे कोणत्याही यंत्रावर ती उघडते.

आपोआप टॅग लावणारे प्रोग्रॅम असतात. ते गाण्याचा आवाज तपासून इंटरनेटवरच्या यादीशी ताडून बघतात. बाजारात आलेल्या सिनेमाच्या गाण्यांना त्यांचा उपयोग होतो. वडगाव किंवा अनगोळच्या भजनी मंडळाची कॅसेट मात्र त्या यादीत कुठून असणार? मी एकदा एका प्रोग्रॅमला 'नाव बदल आणि फाईल हलव' ही परवानगी देऊन झोपले. सकाळी बाबांच्या आवडत्या बैठकींपैकी बऱ्याच फाईलींवर भलत्याच अल्बमची नावं चढलेली आणि त्या भलत्याच फोल्डरांत गेलेल्या. दुसऱ्या डिस्कवर प्रत होती म्हणून वाचलं. शास्त्रीय आणि स्थानिक गाण्यांचे टॅग हाताने लावा. रोज वीस फाईली झाल्या तरी वर्षात सात हजार होतात.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात. कॅसेटी, सीडींवरून नव्याने जे काही उतरवाल ते फ्लॅक या फॉरमॅटमध्ये ठेवा, त्यात आवाजाचं काही कमी होत नाही आणि जागा सीडीच्या जवळपास निम्मी लागते. मिनिटाला साधारण 5 ते 6 एमबी धरा, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर तीन हजार तास. जुन्या 128 च्या (हा केबीपीएसमधला दर, तो कमी म्हणजे आवाज जास्त दाबलेला) एमपी3 आहेत तशाच राहू द्या. त्यांचं फ्लॅक केलं तर फाईल फुगेल, गेलेला आवाज परत येणार नाही. बसस्टँडजवळच्या दुकानात चिप (मेमरी कार्ड) भरून आणलेली बहुतेक गाणी या जातीची असतात. एकाच गाण्याच्या चार प्रती निघाल्या तर आकडा बघून ठरवू नका, हेडफोन लावून ऐका. 320 लिहिलेली फाईलसुद्धा मुळात 128 वरून वाढवलेली असू शकते. स्पेक नावाचा छोटा प्रोग्रॅम आवाजाचं चित्र काढून दाखवतो. वरचे स्वर 16 हजार हर्ट्झच्या आसपास कापल्यासारखे सपाट दिसले तर ती फाईल बहुधा अशी फुगवलेली असते.

कॅसेटींना मात्र आधी हात घाला, बाकी सगळं नंतर. हे मी कळकळीने सांगते आहे. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा फितीवर पांढरी बुरशी आणते. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी आलं आणि खालच्या खणातल्या कॅसेटी दोन दिवस पाण्यात राहिल्या. उतरवून झालेल्या साठ-एक वाचल्या म्हणायच्या, बाकीच्या गेल्या. त्यात आजीच्या आवाजातली जात्यावरची ओवी होती, ती कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

उतरवताना डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, चांगला बघा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. डेकची लाइन-आउट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडा, माइकच्या भोकात घालू नका. ऑडॅसिटी या फुकट रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये 24 बिटवर रेकॉर्ड करा आणि आवाजाची टोकं उणे 6 डेसिबलच्या आसपास राहतील असं बघा. आवाज गुदमरल्यासारखा वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा, तंबोऱ्याची जवारी मोकळी झाली की थांबा. डेकचा रबरी पट्टा सैल असेल तर फीत हळू चालते आणि सगळं गाणं अर्ध्या स्वराने उतरतं. त्याच गायकाची विकत मिळणारी सीडी लावून षड्ज ताडून पाहिला की हे कळतं. खरखर काढणारे फिल्टर मूळ फाईलवर कधीच चालवू नका. मूळ जशीच्या तशी ठेवा, सफाई करायचीच तर प्रतीवर करा. खासगी बैठकींची रेकॉर्डिंग घरात ऐकायला ठेवा, इंटरनेटवर चढवू नका, गाणाऱ्याने ती त्यासाठी गायलेली नव्हती.

प्रती तीन हव्यात. एक कॉम्प्युटरवर, एक कपाटातल्या डिस्कवर (वरच्या खणात), आणि एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी डिस्क कोल्हापूरला मावशीकडे असते. दर दिवाळीला जाते तेव्हा नवी नेते, जुनी आणते. प्रती करणारा फ्रीफाईलसिंक हा प्रोग्रॅम फक्त बदललेल्या फाईली नेतो, त्यामुळे काम तासाभरात होतं.

आता वाजवण्याचं. कॉम्प्युटरवर फूबार2000 हा प्लेअर. दिसायला रुक्ष आहे, पण तुमचे जादा रकाने तो ओळखतो. 'राग यमन आणि लांबी 15 मिनिटांहून जास्त' अशी अट एकदा लिहून ठेवली की यादी स्वतःच भरत राहते. माझ्याकडे 'सकाळ' नावाची अशीच यादी आहे. 'वेळ' या रकान्यात तोडी, भैरव, ललत यांच्यासमोर तोच शब्द आहे, आणि चहा ठेवताना मी फक्त ती सुरू करते. सगळं एकत्र करून शफल लावू नका. चाळीस मिनिटांच्या विलंबित ख्यालानंतर अचानक लावणी सुरू झाली की दोन्हींचा रस जातो. आवाजाची पातळी सारखी करायला त्यातलीच रिप्लेगेन ही सोय चालवा, म्हणजे जुनी तबकडी अगदी मंद आणि नवं गाणं कानठळ्या बसवणारं असं होत नाही. शास्त्रीय सीडींना 'अल्बम'प्रमाणे पातळी लावा, कारण विलंबित आणि द्रुत दोन वेगळ्या फाईलींत असतात आणि त्यांच्यातला चढ गायकाने मुद्दाम ठेवलेला असतो.

फोनवर पॉवरॲम्प किंवा व्हीएलसी. 'राग' हा खास रकाना फोनवर बहुतेक ठिकाणी दिसत नाही, म्हणून मी राग शीर्षकातही लिहिते. घरभर ऐकायचं असेल तर जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम हा प्रोग्रॅम बसवा, मग वायफायवर कोणत्याही फोनमधून सगळा साठा वाजतो. लॅपटॉपच म्हणते, कारण त्याला बॅटरी असते. मेमरी कार्डवर चालणारे छोटे कॉम्प्युटर वीज गेली की कार्ड खराब करून घेतात, आणि पावसाळ्यात वीज कितीदा जाते ते तुम्हाला ठाऊक आहेच.

गाडीसाठी वेगळा 32 जीबीचा पेन ड्राइव्ह करा, एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला. त्यात एमपी3 प्रती टाका आणि त्या प्रतींचे टॅग रोमन अक्षरांत ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर देवनागरीचे चौकोन होतात. पुष्कळ स्टिरिओ फाईली नावाच्या क्रमाने न वाजवता कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतात, तेव्हा अल्बम एकेक करून कॉपी करा.

शेवटी ज्या कॅसेटींवर काहीच लिहिलेलं नाही त्यांच्याबद्दल. तुमच्या वडिलांचे सोबती अजून असतील, भजनातले, बैठकीतले, कचेरीतले. उतरवलेली फाईल फोनवर घेऊन त्यांच्याकडे जा. बाबा होते तेव्हा मी रोज रात्री जेवणानंतर त्यांच्याजवळ बसून एकेक फाईल लावत असे. ते तबल्याच्या ठेक्यावरून, कधी मागे खोकणाऱ्या माणसावरून जागा ओळखायचे. "हे सांगली रेडिओवरून टेप केलेलं, मध्ये घड्याळाचे ठोके येतात बघ." मी ते सगळं टॅगमधल्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि तारीख टाकली. ते गेल्यावर ज्या राहिल्या त्या 'अनोळखी' या नावाखाली आहेत, एकचाळीस फाईली. राग कळला असेल तिथे राग, नाहीतर 'बाईचा आवाज, पेटी, पावसाचा आवाज' एवढंच. गेल्या गणपतीत आरतीला आलेल्या शेजारच्या आजींनी त्यातली एक ओळखली, त्यांच्याच आळीतल्या एका लग्नाच्या आदल्या रात्रीची. आता चाळीस आहेत.