एक इंजिनाच्या छोट्या विमानाने कॅनडातून युरोपला जायचं तर आखणी कुठून सुरू करावी?

पेट्रोलपासून. नकाशा नंतर. सेसनासारख्या छोट्या विमानांना लागतं ते अ‍ॅव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल; प्रवासी जेटचं इंधन त्यांना चालत नाही आणि उत्तरेकडे अ‍ॅव्हगॅस सगळीकडे मिळतंच असं नाही. कुठे मिळालं तर बंद पिंपाच्या हिशेबाने घ्यावं लागतं, दर ऐकून घाम फुटतो. म्हणून प्रत्येक विमानतळाला आधी ईमेल करून लेखी होकार घ्या.

मार्ग साधारण कॅनडातलं इकॅल्विट, ग्रीनलंडमधली नूक आणि कुलुसुक, आइसलंडचं रेक्याविक, मग स्कॉटलंडमधलं विक. यातला शेवटचा टप्पा सर्वांत लांब, सुमारे १२०० किमी, जवळजवळ सगळा पाण्यावरून. नूक ते कुलुसुक टप्पा मात्र ग्रीनलंडच्या हिमपठारावरून जातो. तिथली उंची अडीच हजार मीटरच्या आसपास, म्हणजे ढगाखालून जाऊ हा विचार सोडा. पंखांवर बर्फ साचायला लागला तर खाली सरकायला जागाच उरत नाही.

ग्रीनलंडमध्ये ठरलेल्या वेळेबाहेर विमानतळ उघडून घ्यायला जबर शुल्क पडतं. शोध-बचावाचा विमा, तराफा, थंड पाण्यात तग धरणारा इमर्शन सूट हवाच. एक इंजिनाने कॅनडातून समुद्रापार निघणाऱ्या पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर विमान चालवायची परवानगी, लागतं.

२०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितने याच पट्ट्यातून, पण उलट दिशेने, विकहून इकॅल्विटपर्यंत एकटीने हलकं विमान नेलं होतं.

आणि हो, परतीचं तिकीट किंवा ऑफिसची रजा मोजून निघू नका. हवामानासाठी आठवडाभर कुठेही अडकून पडायची तयारी ठेवा.