अलॉय चाकांवरचे नारिंगी ठिपके आणि मडगार्डमधला काळा चिखल घरी कसा काढावा?

आपण तासगावहून विचारले आहे की, गाडीच्या पुढच्या अलॉय चाकांवर नारिंगी ठिपके उठले असून ते शाम्पूने निघत नाहीत, मडगार्डच्या आत शेतरस्त्याचा काळा चिखल थापला गेला आहे, आणि पावसाळ्यानंतर कराडच्या पुढे महामार्गावर वेग वाढवला की स्टिअरिंग थरथरते. ठिपक्यांसाठी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरावे, असा सल्ला आपल्याला कोणी दिला आहे. मी साताऱ्यात गाड्यांच्या सफाईचे, म्हणजे हल्ली ज्याला डिटेलिंग म्हणतात, ते काम करतो. ते ॲसिड चाकांना लावू नका, हे मी सर्वांत आधी सांगतो.

आपल्या चाकांवर दोन वेगवेगळ्या प्रकारची घाण आहे आणि दोन्हींवर एकच उपाय चालत नाही. नारिंगी ठिपके मातीचे नाहीत. बहुतेक गाड्यांच्या ब्रेकची डिस्क बिडाची असते. ब्रेक दाबला की पॅड तिच्यावर घासते आणि दोहोंचे बारीक कण उडतात. ते तापलेले असल्यामुळे चाकावरच्या लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थराला, नुसते चिकटत नाहीत, तर त्यात रुततात आणि पुढे दमट हवेत गंजून नारिंगी होतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे ब्रेक जास्त काम करतात. शिवाय अनेक लहान गाड्यांना मागे ड्रम असल्याने तिथली धूळ बरीचशी आतच राहते. महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट किंवा कासवरून यवतेश्वरचा घाट उतरताना जे चालक खालचा गिअर न टाकता सतत ब्रेकवर पाय ठेवतात, त्यांच्या गाड्यांची पुढची चाके पाहताक्षणी ओळखू येतात.

संडासाच्या ॲसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि अलॉय चाक ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, तिला ते खाते. लॅकर शाबूत असेपर्यंत काही बिघडल्यासारखे दिसत नाही. पण खडी उडून पडलेला टवका, कठड्याला घासलेली कड किंवा नटांभोवतीची उघडी जागा मिळाली की आम्ल तिथून लॅकरखाली शिरते, पांढुरके फुगवटे येतात, आणि मग चाक खरवडून पुन्हा रंगवण्यावाचून इलाज राहत नाही. कॉस्टिक सोडा असलेले द्रवही तितकेच घातक आहेत, कारण ॲल्युमिनियमला आम्लापासून जपावे लागते तसेच तीव्र अल्कापासूनही. काही ठिकाणी लेबल नसलेल्या कॅनमधून चाकांवर ॲसिड मारले जाते. चाके धुण्याच्या काही तीव्र द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात, आणि ते त्वचेतून आत शिरून गंभीर इजा करतात. त्यामुळे निनावी द्रव चाकालाही लावू नये आणि हातालाही लागू देऊ नये.

कामाला सुरुवात चाकाच्या चेहऱ्यापासून न करता मडगार्डच्या आतून करावी, हे माझे ठाम मत आहे. एक कारण उघड आहे: आतला चिखल धुतला की तो चाकावर ओघळतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. चाकाचा दर्शनी भाग मळला तर गाडी वाईट दिसते, एवढेच. पण मडगार्डच्या कडेला आतून जी पत्र्याची दुमड असते, तिथे साचलेला चिखल दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो आणि गाडीला गंज लागायला तिथूनच सुरुवात होते. तासगाव, पलूस, वाळवा या पट्ट्यातली काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती शेतातून डांबरी रस्त्यावर येते, म्हणून पावसाळा संपला तरी हा त्रास संपत नाही. वाळलेला चिखल पट्टीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. पिठाची परात वाळली तर आपण ती खरवडत नाही, पाणी घालून ठेवतो. इथेही तेच करावे.

गाडी सावलीत उभी करून चाके हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबावे. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारले तर तिच्यावर विनाकारण ताण येतो आणि रसायनेही चाकावर लगेच वाळून डाग पाडतात. मग बागेच्या साध्या पाइपने मडगार्डचा आतला भाग भिजवावा, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा भिजवावा. माती मऊ झाली की लांब दांड्याच्या ब्रशने आणि शाम्पूच्या पाण्याने घासावे. पत्र्याच्या दुमडीत हातमोजा घालून बोटे फिरवावीत, कारण ब्रश तिथे पोहोचत नाही आणि तिथला चिखल डोळ्यांना दिसतही नाही. काही गाड्यांच्या मडगार्डला आतून प्लास्टिकऐवजी फेल्टसारखे कापडी अस्तर असते. ते चिखल शोषून घेते, म्हणून पाणी पूर्ण नितळ येईपर्यंत धुवावे आणि त्यावर कोणतेही पॉलिश लावू नये.

प्रेशर वॉशर असेल तर काम लवकर होते, मात्र नोझल टायरपासून किमान 30 सेंटिमीटर दूर ठेवावे, कारण जवळून मारलेल्या धारेने टायरची बाजू आतून दुखावू शकते. ॲक्सलचे रबरी बूट, ब्रेकचा होज आणि चाकाच्या गतीचा सेन्सर यांवर धार रोखून धरू नये.

इथे थोडे विषयाला धरूनच, पण कळकळीने सांगतो: गाडीच्या खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे रुजली आहे, ती बंद करा. खालचा भाग दोन दिवस काळाभोर दिसतो, पण सस्पेन्शनची रबरी बुशे, बूट आणि टायर यांचे रबर तेलाने फुगते व मऊ पडते, तेलकट थरावर धूळ अधिकच बसते, आणि डिस्कवर थेंब गेले तर ब्रेकची पकड कमी होते. गंजापासून संरक्षण हवे असेल तर खालचा भाग स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून अंडरबॉडी कोटिंग करून घ्यावे. ओल्या चिखलावर मारलेले कोटिंग मात्र गंजच झाकून ठेवते.

मडगार्ड झाल्यावर चाक धरावे, आणि चारही एकदम न घेता एकेक पूर्ण करावे. त्यासाठीची बादली, ब्रश आणि फडकी वेगळी ठेवावीत. लोखंडाच्या कणांनी भरलेले फडके बॉडीवर फिरले की रंगावर ओरखडे पडलेच. ब्रेकची धूळ कोरडी असताना हवेच्या नळीने उडवू नये, कारण ती श्वासात जाते. आधी ओली करावी आणि मगच हात लावावा. सैल घाण शाम्पूने निघून गेल्यावर जे ठिपके बोटाला खरखरीत लागतात, त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा द्रव मिळतो. त्यात अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की चाकावरून जांभळे ओघळ येऊ लागतात. वास अतिशय उग्र असतो, कारण केस कुरळे करण्याच्या रसायनांतलाच हा गंधकयुक्त पदार्थ आहे. लेबलवर पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही, असे लिहिलेला घ्यावा, हातमोजे आणि चष्मा घालावा, मोकळ्या हवेत फवारावा, तीन ते पाच मिनिटे ठेवावा, मऊ ब्रशने हलकेच फिरवावे आणि वाळण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. हे पाणी विहिरीकडे किंवा शेताच्या पाटाकडे जाऊ देऊ नये. जुने ठिपके एका वेळेत निघत नाहीत. तेव्हा जोर न वाढवता हीच क्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी जांभळा रंग येणे थांबले आणि तरीही डाग दिसतच असेल, तर बहुधा लॅकरच खराब झाले आहे. तारेची घासणी किंवा काथ्या कोणत्याही टप्प्यावर वापरू नये.

डांबराचे काळे ठिपके उरले तर टार रिमूव्हर फडक्याला लावून तेवढेच पुसावेत. टायर सर्वसाधारण सफाईच्या सौम्य क्लीनरने, फेस पांढरा येईपर्यंत घासावेत. टायरवर दिसणारा तपकिरीपणा बराचसा रबरातच मिसळलेल्या, त्याला तडे जाऊ न देणाऱ्या रसायनामुळे येतो, त्यामुळे तो टायर खराब झाल्याचे लक्षण नाही. पॉलिश लावायचेच असेल तर पाण्यावर आधारित घ्यावे आणि ते फक्त बाजूला लावावे, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही नाही.

आपले पाणी बोअरचे असेल आणि त्यात क्षार जास्त असतील, तर ते चाकावर वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे डाग बसले की तेही घासत बसावे लागते, म्हणून मायक्रोफायबरच्या फडक्याने लगेच टिपून घ्यावे. कोरड्या चाकावर सिलंट, म्हणजे संरक्षक थर देणारा द्रव, लावल्यास पुढची धूळ सहज सुटते. गाडीच्या पॉलिशमधले कार्नौबा नावाचे वनस्पतीचे मेण सुमारे 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते आणि घाटात चाकाजवळ उष्णता बरीच वाढते, म्हणून चाकांसाठी कृत्रिम सिलंट किंवा सिरॅमिक कोटिंग अधिक टिकते. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर यातले काहीही लागता कामा नये. धुतल्यावर डिस्कवर गंजाची पातळ छटा येते, ती ब्रेक लागताच निघून जाते. त्यामुळे गाडी धुऊन लगेच उभी न करता थोडी चालवून आणून, ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत. त्या रात्री सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, म्हणजे मागचे ब्रेक चिकटत नाहीत.

राहिला थरथरीचा प्रश्न. चाकाच्या आतल्या नळकांड्यात, जिथे बाहेरून हात जात नाही, तिथे काळ्या मातीचा पोपडा एका बाजूला चिकटून वाळलेला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. बॅलन्सिंगसाठी लावतात ती चिकट वजने 5 किंवा 10 ग्रॅमची असतात, तेव्हा मुठीएवढी माती तोल किती बिघडवेल याचा अंदाज येईल. टायर अदलाबदल करताना चाके खाली उतरतातच, त्या वेळी आतली बाजू भिजवून स्वच्छ करून घ्या. ही चिकट वजने उखडणार नाहीत, इतपतच घासा. घरी चाक काढणार असाल तर सपाट जागा, स्टँड आणि उलट बाजूच्या चाकांना अडसर हवाच; केवळ जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका, आणि नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या ठरावीक जोराने, आवळा. आतून माती गेल्यावरही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करून घ्यावे. ती केवळ ब्रेक दाबतानाच जाणवत असेल, तर डिस्कची जाडी आणि सपाटपणा मेकॅनिककडून तपासून घ्यावा, कारण तो दोष सफाईने जाणारा नाही.