घरात दोन मांजरी असताना कुत्र्याचं पिल्लू आणलं. तिघांना एका खोलीत कोंडलं तर जमेल का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय की फ्लॅटमध्ये दोन मोठ्या मांजरी आहेत, दोन महिन्यांचं पिल्लू आणल्यापासून चार दिवस दोघी कपाटावरून उतरत नाहीत, आणि शेजारचे काका सांगतात की रात्रभर तिघांना कोंडा, आपोआप जमेल. कोंडू नका. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं ऐका.

आमच्या घरात हे कोंडणं झालेलं आहे. आमचं गाव खानदेशात, अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. घर जुनं, धाब्याचं. मधे अंगण, एका अंगाला आम्ही आणि दुसऱ्या अंगाला आमचे जेठ, म्हणजे माझे थोरले दीर. घरात भुरी आणि तिची लेक सोनी अशा दोन मांजरी. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून मांजर या घरात आहे ते दादरीसाठी, म्हणजे ज्वारीसाठी. मधे एक वर्ष मांजर नव्हतं, त्या वर्षी उंदरांनी दादरीची पाच पोती फोडली होती. जेठांना ते कधी पटलं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य, "कुत्रं घर राखस, मांजर काय करस?"

मक्यात डुकरं शिरायला लागली म्हणून त्यांनी चैत्रात एक पिल्लू आणलं. गावठी, तपकिरी, दीड महिन्याचं. नाव शेरू. मी त्याला पडवीत बांधायची आणि मांजरींना आतल्या घरात ठेवायची. दोन आठवडे असंच चाललं. भुरी दाराच्या फटीतून फिसकारायची, पण जेवायची, झोपायची. घाई करायचं काही कारणच नव्हतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि मी चार दिवस माहेरी गेले. दुसऱ्याच रात्री जेठांनी भुरीला आणि शेरूला कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. "कोंडी दे दोन्हीसले, रातभरमा जमी जाई." जेठाणींनी नंतर मला सगळं सांगितलं. तासभर आतून आरडाओरडा चालला होता. त्या दोनदा उठल्या, पण दार उघडू दिलं नाही. पिल्लाला वाटलं खेळायला मिळालं. ते पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून उड्या मारत अंगावर जात असणार. कुत्र्यांच्या जगात ते खेळाचं आमंत्रण असतं. मांजरीला ती झडप दिसते. तिला पळायला जागा असती तर ती पळाली असती. खिडकी बंद, दार बंद, कोपऱ्यात धान्याची कोठी. तिने पंजा मारला.

सकाळी पिल्लाचा उजवा डोळा मिटलेला आणि पाणी गळत होतं. मी निरोप मिळताच निघाले. गुरांच्या डॉक्टरांनी बुबुळावर ओरखडा आहे म्हणून सांगितलं आणि थेंब दिले. दिवसातून चार वेळा, पंधरा दिवस, मी मांडीवर घेऊन ते घातले. डोळा वाचला, पण फूल पडलं ते कायमचं. भुरी दार उघडल्याबरोबर जी सुटली ती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीत जाऊन बसली. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन, ४४ अंश. तीन दिवस ती बाहेर आली नाही. तिसऱ्या रात्री मी सुकट भाजून वाटी घेऊन गंजीपाशी बसले, तेव्हा कुठे ती आली, आणि खाताना सुद्धा मान वळवून वळवून मागे बघत होती.

जेठ म्हणाले, "पोतामा भर आन् नदीपल्याड सोडी ये." मी म्हटलं, नाना, तिला सोडायचं तर मलाही सोडून या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढं मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

आजही कुणी पाहुणा आला आणि शेरूच्या डोळ्याविषयी विचारलं की ते सांगतात, मांजरीने फोडला. मला हे सहन होत नाही. पंजा भुरीचा होता, कडी तुम्ही लावली होती. कोंडलेल्या जनावराने केलेलं त्या जनावराच्या माथी मारणं हा अन्याय आहे. कोंडून दोस्ती होत नाही. एक दमतं आणि दुसरं घाबरतं, आणि दाराबाहेर बसलेल्या माणसाला शांतता ऐकू येते.

पुढे जमलं का? जमलं. सात आठवडे लागले, पहिल्यापासून सगळं करावं लागलं. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा शेरूच्या अंगाला पुसून भुरीच्या ताटलीखाली ठेवायची, आणि तिच्या झोपायच्या पोत्याचा तुकडा त्याच्यापाशी. बंद दाराच्या अल्याड-पल्याड दोघांना एकाच वेळी जेवण. पहिल्यांदा समोरासमोर आणलं ते शेरू शेतावरून दमून आल्यावर, पोट भरलेलं, दोर माझ्या हातात. भुरी फडताळावर. पाच मिनिटं, बस्स. तो तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायचा तेव्हा भाकरीचा तुकडा द्यायची. मांजरीला कडेवर घेऊन पिल्लाला "भेटवायला" कधी नेऊ नका, तुमचेच हात फाटतील. आणि शेपट्या बघा: कुत्र्याची हलते तेव्हा ते बहुतेक खुशीत असतं, मांजरीची आपटायला लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं. पाठलाग एकदाही होऊ द्यायचा नाही. पळणारं दिसलं की पिल्लू धावणारच, आणि त्याला त्यात गोडी लागली की मग ती मोडणं फार कठीण.

पिल्लू लवकर शिकतं. ३ ते १२ आठवड्यांच्या वयात त्याला जे दाखवाल ते त्याला घरचंच वाटतं. तुमचं पिल्लू त्याच वयात आहे, त्याची चिंता करू नका. वेळ लागणार तो मांजरींना, कारण त्यांचं ते वय कधीच सरलं. किती दिवस, ते तुमच्या मांजरी ठरवतील. सोनी तर दहा दिवसांत शेरूच्या अंगावरून उडी मारून जायला लागली होती. भुरी त्याला आजही चाटत नाही, फक्त त्याच्या शेजारून शांतपणे चालत जाते. मला तेवढं पुरतं.

हे माझ्या घरापुरतं. तुमच्याकडे अंगण नाही, पण उंची आहे. कपाट, फ्रिज, एखादी फळी, जिथे पिल्लू पोहोचणार नाही अशी वाट मांजरींना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करून द्या. त्यांची मातीची पेटी पिल्लाच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका, ते त्यातली घाण खातं. रेबीजची लस तिघांनाही. पिल्लाला ती ३ महिन्यांच्या सुमारास देतात. आणि गोचीड-पिसवांचं कुत्र्याचं औषध डब्यावरचं वाचून आणा. परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीला विष आहे, तिचं यकृत ते पचवू शकत नाही, आणि औषध लावलेल्या पिल्लाला ती चाटली किंवा त्याला चिकटून झोपली तरी जीव जाऊ शकतो. आमच्याकडे कपाशीवरचं फवारणीचं औषध कुत्र्याला चोळायची वाईट खोड आहे. ती मी शेरूच्या बाबतीत चालू दिली नाही, यावरूनही वाद झाला होता.

एक गोष्ट खरं तर आधी विचारायला हवी होती. चार दिवस कपाटावर आहेत असं लिहिलंत, पण त्या खातात का हे लिहिलं नाही. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट बघायची नाही. यकृतावर चरबी चढते, अंगाने भरलेल्या मांजरींत तर लवकर. त्यांतला एक बोका असेल आणि तो सारखा लघवीला बसून थेंबही होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आज रात्री पिल्लाला दुसऱ्या खोलीत घ्या, दार लावा, कपाटावर पाणी आणि वासाचं काहीतरी खाणं ठेवा आणि तिथून निघून जा. सकाळी वाटी रिकामी झाली का ते मला इथेच कळवा.