'सठियावणे', 'साठी बुद्धी नाठी' आणि शहाणपणाचं वय

नागपूरच्या महाल भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "जेवताना भाचा म्हणाला, 'आबा आता सठियावले.' मी त्याला टोकलं, हा हिंदी शब्द आहे, मराठीत 'साठी बुद्धी नाठी' म्हणतात. माझं बरोबर आहे का? यातलं 'नाठी' म्हणजे नेमकं काय? आणि बुद्धी जायला साठच वर्षं कोणी ठरवली?"

ताई, शब्द मूळचा हिंदीच. 'साठ'वरून 'सठियाना'. पण नागपुरात तो पाहुणा राहिलेला नाही. हे शहर १८६१ पासून मध्य प्रांताचं आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचं राजधानीचं ठिकाण होतं. कचेरीत हिंदी, इतवारीच्या बाजारात हिंदी, शेजारीही हिंदी. शिवाय रागावणे, वेडावणे, सुस्तावणे यांच्या रांगेत 'सठियावणे' न अडखळता बसतो. बोलण्यात मी तो चूक मानत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकासाठी लिहीत असाल तर टाळा, एवढंच.

आता 'नाठी'. हा शब्द आज या म्हणीबाहेर जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून तो कोड्यासारखा वाटतो. संस्कृत 'नष्ट'चं प्राकृतात 'नट्ठ' झालं आणि मराठीत नाठा, नाठी, नाठे. म्हणजे नाहीशी झाली, गेली. गंमत अशी की 'षष्टि'ही त्याच वाटेनं आली: षष्टि, सट्ठि, साठ. 'अष्ट'चं आठ आणि 'मुष्टि'ची मूठ झाली ती याच नियमानं. त्यामुळे साठी आणि नाठी हे यमक संस्कृतात जुळत नव्हतं, ते भाषा बदलत बदलत जुळलं. मला ही म्हण तिच्या आशयापेक्षा या घडणीसाठी जास्त आवडते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही इथेच आहे. साठ हा आकडा जिभेवर बसला, कारण त्याला यमक मिळालं. सगळ्या भाषांनी साठच धरलेले नाहीत. बंगालीत बुद्धी चळलेल्या म्हाताऱ्याला 'बाहात्तुरे' म्हणतात, म्हणजे बहात्तरीतला. तिथलाच दुसरा शब्द 'भीमरति'. तो संस्कृत 'भीमरथी'वरून आला, आणि भीमरथी म्हणजे सत्याहत्तराव्या वर्षाच्या सातव्या महिन्यातली सातवी रात्र! बुद्धी खरोखर एका ठरलेल्या वर्षी जात असती तर साठ, बहात्तर आणि सत्याहत्तर असे तीन मुहूर्त निघाले नसते. मराठीतला 'म्हातारचळ' बरा, तो वर्ष सांगत नाही.

आयुष्याच्या अलीकडच्या टोकालाही आपण आकडा लावला आहेच: गद्धेपंचविशी. हिंदीत 'गदहपचीसी'. पण हा आकडा बराच जवळ जातो. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. अक्कलदाढही साधारण सतरा ते पंचवीस या वयातच येते. अरबीतही तिचं नाव अकलेचीच दाढ असं आहे, आणि आपला 'अक्कल' मुळात अरबीच.

मला खरं सांगायचं आहे ते पुढे आहे. म्हण 'बुद्धी' नाठली म्हणते. 'शहाणपण नाठलं' असं कोणी म्हणाल्याचं तुम्ही ऐकलंय? बुद्धी फिरते, भ्रष्ट होते. अक्कल गहाण पडते, गुंग होते. शहाणपण मात्र येतं, सुचतं. गहाण टाकता येत नाही. मराठी बोलणाऱ्यांनी हे दोन जिन्नस वेगळे धरले आहेत आणि ते वाऱ्यावर उडवण्यासारखं नाही. 'शहाणा' हा 'सज्ञान'चाच घासून गुळगुळीत झालेला भाऊ. म्हणून तर मुलगी वयात आली की 'शहाणी झाली' म्हणतात, आणि कायद्यानं अठराव्या वर्षी आपण 'सज्ञान' होतो. वय आणि समज एकाच शब्दात बांधलेली.

मानसशास्त्रही पुढे तिथेच पोचलं. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार मांडले: नवं कोडं चटकन सोडवणारी प्रवाही बुद्धी, आणि अनुभवातून, भाषेतून साठत गेलेली बुद्धी. पहिली तरुणपणीच कळसाला पोचून हळूहळू उतरू लागते, दुसरी पुढे कितीतरी वर्षं वाढते. शब्दसंग्रह तर साठीच्या घरातही वाढताना दिसला आहे. सिएटलमध्ये वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली गेली. साठीच्या आधी बहुतेक क्षमतांमधली सरासरी घट किरकोळ निघाली, आणि माणसामाणसांत फरक भरपूर.

मूर्खपणाचंही तसंच, त्याला वय नाही. रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं एका समासात सांगितली आणि पढतमूर्खाला वेगळा समास दिला. शिकत जाणाऱ्या माणसाचा मूर्खपणा नवं रूप घेतो, हे त्यांनी नेमकं हेरलं. आपल्याकडचा 'भैताड', म्हणजे मूर्ख, हा शब्दही पोट्ट्याला लागतो तसाच आजोबांनाही.

एका बाबतीत मात्र मी आग्रही आहे. आबा नेहमीचा रस्ता चुकू लागले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, पैशांचा हिशेब सुटू लागला, तर त्याला ना सठियावणं म्हणा, ना म्हातारचळ. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, वयाचा स्वभाव नव्हे, आणि थट्टेचा शब्द लावला की घरचे डॉक्टरकडे जायला उशीर करतात.

तसं काही नसेल आणि आबा फक्त हट्टी झाले असतील, तर भाच्याला 'हेकेखोर' हा शब्द द्या. त्यात आबांचं वय येत नाही. आणि उद्या त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची वेळ आली, तर 'पोक्त' वापरा. फारसी 'पुख्ता'वरून आला आहे, अर्थ पिकलेला, पक्का. आपण तो वयाला लावतो आणि विचारालाही.